बँकेकडे देणगी मागायला गेलो आणि १८७५ सालात पोहोचलो

(ज्यांना हा भाग कानाने ऐकायला सवड नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत. सगळे नाही.)



आजचा भाग एका अर्जापासून सुरू होतो. अर्ज मीच लिहिला होता. आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्या माडीवर अभ्यासिका. संध्याकाळी सहानंतर तिथं बसायला जागा मिळत नाही. एमपीएससीवाले, पोलीस भरतीवाले, बारावीच्या मुली, सगळे तिथंच. अडचण एकच, लाइट गेली की सगळे खाली ओट्यावर येऊन मोबाइल बघत बसतात. मुलींना मात्र घरून फोन येतो, "अंधार झालाय, निघ आता." म्हणजे लाइट जाते सगळ्यांची, अभ्यास बुडतो तो मुलींचा.

मी त्या वाचनालयाचा सहचिटणीस. वय चोवीस. ठरलं की गावातल्या सहकारी बँकेकडून इन्व्हर्टर, बॅटरी आणि थोड्या खुर्च्यांसाठी देणगी मागायची. मी एक पानी विनंती अर्ज लिहिला. "आपण उदार अंतःकरणाने व सढळ हाताने मदत करावी, ही नम्र विनंती." तुम्हीही असले अर्ज लिहिले असतील. गणपतीच्या वर्गणीपासून आपली तीच भाषा.

पंधरा दिवसांनी बँकेतल्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "देता येणार नाही."

"का?"

"तुमचे अध्यक्ष आणि आमचे एक संचालक सख्खे भाऊ आहेत."

मला वाटलं होतं की हीच तर आमची जमेची बाजू! अध्यक्ष म्हणजे आमचे तात्या. तीस वर्षं वाचनालयाच्या किल्ल्या त्यांच्या खिशात. धाकटा भाऊ बँकेत संचालक. ओळख असली की काम होतं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. इथं ओळखीमुळेच काम अडलं होतं.

घरी आलो तेव्हा डोकं तापलेलं. मग विचार केला, बँक देणगी देते ती कुठल्या पैशातून? कुणाच्या परवानगीने? 'धर्मादाय निधी' हा शब्द ताळेबंदात आला कुठून? शोधत मागे मागे गेलो, तर थेट १८७५ सालात जाऊन थांबलो. चला, तुम्हालाही घेऊन जातो.

जाळलेल्या वह्या

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजारपेठेचं मोठं गाव, सावकार आणि दुकानदारांची वस्ती. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दारात गेले. त्यांनी धान्य लुटलं, काही घरं पेटवली, पण सगळ्यात आधी मागितल्या त्या वह्या. खातेवह्या आणि कर्जरोखे. त्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुण्यातून अहमदनगरकडे पसरलं, तीसहून जास्त गावांपर्यंत गेलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

कागदावरच एवढा राग का? कारण कागद एकाच बाजूने लिहिलेला होता. १८५९ साली इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला होता. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला, व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये. पण सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा. जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. अंगठा त्याचा, अक्षर दुसऱ्याचं. फेडलेल्या पैशाची पावती मिळेल याची खात्री नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदाही आला. पण मूळ प्रश्न शिल्लकच राहिला. गरजेला पैसा कोण देणार, आणि त्याची वही कोणाच्या हातात असणार?

आजच्या भागात एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा: वही कोणाच्या हातात? पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. आमच्या इन्व्हर्टरचासुद्धा.

अन्योन्य, म्हणजे एकमेकांना

पुढचा थांबा बडोदा. साल १८८९. सयाजीराव महाराजांचं राज्य. तिथल्या काही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी एकत्र येऊन एक मंडळी काढली. पुढाकार विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांचा, लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. नाव ठेवलं 'अन्योन्य सहाय्यकारी मंडळी'. अन्योन्य म्हणजे एकमेकांना. प्रत्येकाने थोडं थोडं जमा करायचं आणि गरज पडेल त्याने त्यातून घ्यायचं. भारतातल्या नागरी सहकारी पतसंस्थांचा इतिहास सांगताना बहुतेक सगळे इथूनच सुरुवात करतात. आणि गंमत बघा, तेव्हा देशात सहकाराचा कायदाच नव्हता. माणसं आधी एकत्र आली, कायदा मागून आला.

तो कायदा १९०४ चा, सहकारी पतसंस्थांचा. मग आपल्याकडे धडाकाच लागला. १९०५ च्या नोव्हेंबरात मुंबईत पायोनियर अर्बन. १९०६ च्या जानेवारीत पुण्यात कॉसमॉस. फेब्रुवारीत गोकाक आणि बेळगाव. मार्चमध्ये आजच्या सिंधुदुर्गात वरवडे इथं विणकरांची पतसंस्था. नकाशावर बोट ठेवून बघा, पुणे-मुंबईसारखी शहरं आहेत आणि कोकणातली गावंही आहेत.

या संस्थांमध्ये वहीचा मालक बदलला. सभासदाला हिशेब विचारता येत होता. वार्षिक सभेत उभं राहून "हा खर्च कशाचा?" असं म्हणता येत होतं. सुप्याच्या शेतकऱ्याला जे कधीच विचारता आलं नाही, ते.

शंभरातले साडेसात रुपये

आता येतो मुद्द्याचा कायदा. १९१२ चा सहकारी संस्थांचा कायदा, त्यातलं कलम ३४. मी ते वाचलं तेव्हा चहा गार झाला.

त्यात साध्या शब्दांत असं होतं: संस्थेला नफा झाला तर आधी त्यातला एक चतुर्थांश भाग राखीव निधीत टाकायचा. मग उरलेल्या नफ्यातून दहा टक्क्यांपर्यंत रक्कम, निबंधकाच्या मंजुरीने, धर्मादाय कामाला देता येईल.

हिशेब करून बघू. नफा १०० रुपये. २५ राखीव निधीत. उरले ७५. त्याचे दहा टक्के, म्हणजे साडेसात रुपये. बँकेच्या दारात आपण ज्यासाठी उभे राहतो, त्या पैशाची ही एक जुनी कायदेशीर मुळी. शंभरातले जास्तीत जास्त साडेसात.

आणि धर्मादाय म्हणजे काय? त्यासाठी १९१२ च्या कायद्याने आणखी जुन्या कायद्याकडे बोट दाखवलं, १८९० च्या धर्मादाय देणग्यांच्या कायद्याकडे. तिथं व्याख्या आहे: गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचं इतर कोणतंही काम. आणि पुढे एक अट. जे काम फक्त धार्मिक शिकवणीपुरतं किंवा पूजाअर्चेपुरतं आहे, ते यात धरायचं नाही.

शब्दात 'धर्म' आहे, पण नुसत्या पूजेचं काम व्याख्येच्या बाहेर आहे. अभ्यासिका मात्र सरळ आत आहे. शिक्षण आणि लोकोपयोग, दोन्हीकडून. माझ्या पहिल्या अर्जात यातलं काहीच नव्हतं. मी 'उदार अंतःकरण' मागत बसलो होतो. बँकेला अंतःकरणाचा ठराव करता येत नाही, तिला उद्देश लागतो.

आणखी एक गोष्ट. कायद्यात शब्द 'देता येईल' असा आहे, 'दिलंच पाहिजे' असा नाही. त्यामुळे देणगी हा आपला हक्क होत नाही. नाही म्हटलं तर कोर्टात जाता येणार नाही. पण ती भीकही होत नाही, कारण पैसा कुणा एका साहेबाच्या खिशातला नाही. तो सभासदांच्या सामायिक नफ्यातला आहे आणि त्याची एक ओळ वार्षिक सभेसमोर जाणार आहे. माझ्या मते सगळा अर्ज त्या एका ओळीसाठी लिहायचा असतो.

महाराष्ट्राचा कायदा आणि बँकेचे दोन मालक

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षीचा आपला सहकारी संस्था अधिनियम आला. त्यात कलम ६९ आहे. राखीव निधीची तरतूद झाल्यावर निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा इतर सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते. पुन्हा तेच, 'काढता येते'.

मग १ मार्च १९६६ पासून सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतही आल्या. तेव्हापासून या बँकांना दोन मालक. नोंदणी आणि निवडणूक यांसारख्या गोष्टी सहकार खात्याकडे, बँकिंगचा कारभार रिझर्व्ह बँकेकडे. म्हणून राज्याच्या कायद्याने परवानगी दिली तरी रिझर्व्ह बँकेच्या अटी वेगळ्या पाळाव्या लागतात.

त्यातलीच एक अट आम्हाला नडली. नागरी सहकारी बँकेला अशा विश्वस्त संस्थेला देणगी देता येत नाही, जिथं बँकेचा संचालक किंवा त्याचा नातेवाईक पदावर आहे किंवा त्याचा हितसंबंध आहे.

पहिल्यांदा मला हा अन्याय वाटला. मग सुपे आठवलं. समजा अशी अट नसती, तर संचालक मंडळ साडेसात रुपये कुठं पाठवत बसलं असतं? मेहुण्याच्या शाळेला, भावाच्या मंडळाला, स्वतःच्या आजोबांच्या नावाच्या ट्रस्टला. म्हणजे वही पुन्हा एकाच घरात. ही अट ज्यांची बँकेत कुणाशीच ओळख नाही, त्यांच्या बाजूची आहे. त्या वेळी आमची ओळख होती, म्हणून ती आमच्या विरुद्ध दिसली. एवढंच.

बँक म्हणजे कुठली बँक?

आता जरा पुढे येऊ, कारण तुमच्यातले काही म्हणतील, "आमच्या गावात सहकारी बँक नाही, सरकारी आहे. नाक्यावर खासगीपण आहे. तिथं मागू का?"

मागा. पण बोर्डावर 'बँक' लिहिलं म्हणून सगळ्या सारख्या नसतात. प्रत्येकीचा जन्म वेगळ्या कायद्यातून झालाय.

१९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यात पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने एक कल्पना मांडली. बँकांनी नुसत्या शाखा न उघडता एकेका भागाची जबाबदारी घ्यावी. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना आली. आजही प्रत्येक जिल्ह्याला एक 'लीड बँक' असते, ती ही. ग्रामीण सहकार जवळून पाहिलेला हा मराठी माणूस देशाच्या बँकांना सांगत होता, की नकाशावरचा तुमचा तुकडा कोणता ते ठरवा आणि त्याला उत्तरदायी व्हा.

पण या सरकारी बँका कंपनी कायद्याखालच्या कंपन्या नाहीत. स्टेट बँकेचा कायदा १९५५ चा, राष्ट्रीयीकृत बँकांचा १९७० चा. त्यांच्या देणग्यांना रिझर्व्ह बँकेने २००५ साली मर्यादा सांगितली: नफ्यातल्या बँकेने आदल्या वर्षीच्या जाहीर नफ्याच्या एक टक्क्यापर्यंत.

खासगी बँका मात्र कंपन्या आहेत. म्हणून त्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू होतं, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आलं. कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं, असंही लिहिलंय.

बघा, शब्द कसे बदलत गेले. १९१२ मध्ये 'देता येईल'. २०१३ मध्ये 'खर्च करावे लागतील'. शंभर वर्षांत मोठी उडी. पण त्यात एक चकवा आहे. खर्च करणं बंधनकारक आहे, तुम्हालाच देणं नाही. आणि नाक्यावरच्या शाखेचा मॅनेजर साधारणपणे हा निर्णय घेत नाही, तो मुख्य कार्यालयातल्या समितीचा असतो. आमच्या इथल्या मॅनेजरने प्रामाणिकपणे सांगितलं, "अर्ज घेतो, वर पाठवतो. पण इन्व्हर्टर एवढ्या लहान कामाची फाइल वर टिकत नाही."

म्हणजे तीन दारं झाली. सहकारी बँकेत निर्णय गावातलं संचालक मंडळ घेतं, रक्कम लहान असते, पण निर्णय घेणारा माणूस तुमच्या ओट्यावरून रोज जातो. सरकारी बँकेत फाइल शाखेकडून विभागाकडे जाते. खासगी बँकेत पैसा मोठा, पण दार लांब आणि कागद जास्त. इन्व्हर्टर हवा असेल तर पहिलं दार. पाच गावांत तीन वर्षं चालणारं काम असेल तर तिसरं.

तात्यांचा राजीनामा

परत आमच्या गोष्टीकडे.

बँकेने नाही म्हटल्याचं तात्यांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी कार्यकारिणीची बैठक होती. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. राजीनामा. म्हणाले, "माझ्यामुळं पोरांचा अंधार नको."

खोलीत कोणी बोलेना. तीस वर्षं, मंडळी. पाऊस गळायचा तेव्हा हा माणूस स्वतः छपरावर चढून ताडपत्री बांधायचा.

मग एक सभासद म्हणाले, "कागदावर राजीनामा घेऊ. काम तात्याच बघतील. देणगी आली की पुन्हा अध्यक्ष करू." खरं सांगतो, मला ते पटलं होतं. मी मान डोलावत होतो.

आमच्या कार्यकारिणीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे नियम मोडायचा नाही, फसवायचा. खाली पोरं नागरिकशास्त्र पाठ करतायत आणि वर आपण हे ठरवतोय?"

झालं. राजीनामा परत तात्यांच्या खिशात गेला. ठराव झाला, की या बँकेकडे मागायचंच नाही. गावात शेजारच्या तालुक्यातल्या एका नागरी सहकारी बँकेची शाखा होती. तिच्या संचालकांशी आमच्यापैकी कुणाचंही नातं नव्हतं, ओळखही नव्हती. तिथं जायचं.

बरं, एक व्यवहाराची गोष्टही सांगून टाकतो. तो राजीनामा घेतला असता तर आम्ही वेगळ्याच चिखलात अडकलो असतो. महाराष्ट्रात आपल्यासारख्या संस्थांची सहसा दुहेरी नोंदणी असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एक आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्त कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर होईपर्यंत नोंदवहीत जुनीच नावं. बँक तोच उतारा मागते. अनेक चांगल्या संस्था इथंच अडकतात. काम जोरात, पण नोंदवहीत असलेले विश्वस्त दहा वर्षांपूर्वीचे, त्यातले दोन तर वारलेले.

दुसरा अर्ज

या वेळी अर्ज लिहिताना समोर बँकेच्या वार्षिक सभेतला एक अनोळखी सभासद बसलाय असं धरलं. तो उठून विचारणार, "हे पैसे कुणाला दिले? का दिले? झालं काय त्याचं?" त्याला उत्तर देता येईल असा अर्ज.

पहिल्या ओळीत काम: अभ्यासिकेला इन्व्हर्टर आणि बॅटरी. दुसऱ्या ओळीत कुणासाठी. महिनाभर आम्ही एक वही ठेवली होती. रोज किती जण आले, त्यात मुली किती, लाइट किती वेळा गेली, तेव्हा किती जण उठून गेले. चार रकाने, बॉलपेनने. आमच्या अर्जातला सगळ्यात वजनदार कागद तोच ठरला. मग तीन दुकानांची दरपत्रकं. आमचा स्वतःचा वाटा किती: वायरिंग आणि कपाट आम्ही करणार. बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागेल, तो खर्च मासिक शुल्कातून कसा काढणार. आणि शेवटी एक घोषणा, की आमच्या कार्यकारिणीतल्या कुणाचंही आपल्या संचालकांशी नातं नाही.

सोबत दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, नोंदवहीचा ताजा उतारा, घटना आणि नियमावली, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेचं पॅन कार्ड आणि सूचक-अनुमोदकासह अर्जाचा ठराव. आयकराची १२ए आणि ८०जी ही नोंदणीही तपासून ठेवा. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, म्हणून सीएला विचारूनच. सीएसआरच्या दारात जायचं तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आणि बाहेरच्या संस्थेकडे साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव बघतात.

वेळेचंही गणित आहे. बँकेचं वर्ष ३१ मार्चला संपतं. नफ्याची वाटणी वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर होते आणि ती सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. आमचा पहिला अर्ज फेब्रुवारीत गेला होता, कारण फेब्रुवारीत आम्हाला सुचलं! दुसरा आम्ही जूनमध्ये दिला.

ऑक्टोबरात पत्र आलं. खुर्च्या आम्ही या वेळी मागितल्याच नव्हत्या. इन्व्हर्टर आणि बॅटरी मंजूर.

सहाशे चाळीस रुपये

दिवाळीनंतर इन्व्हर्टर बसला. दुकानदाराने जुन्या ओळखीने थोडी सूट दिली. खर्च होऊन ६४० रुपये उरले. मी म्हटलं, दोन एलईडी आणू. तात्या म्हणाले, "अर्जात एलईडी होते का?"

"नाही."

"मग परत कर."

मी बिलं, फोटो, उपयोगिता प्रमाणपत्र आणि ६४० रुपयांचा चेक घेऊन शाखेत गेलो. काउंटरवरचा माणूस चेक उलटसुलट बघत राहिला. देणगीतून उरलेले पैसे परत आले तर कुठल्या खात्यात जमा करायचे, हे त्याला आठवेना. आत जाऊन विचारून आला. मग हसत म्हणाला, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघतोय."

पावती मिळाली. ती वाचनालयाच्या फाइलला लावली आहे.

मंडळी, १८७५ साली सुप्यात माणसांनी वह्या जाळल्या, कारण त्या वह्यांत त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. बडोद्याच्या त्या कुटुंबांनी स्वतःची वही सुरू केली. १९१२ च्या कायद्याने त्या वहीत एक ओळ मोकळी ठेवली, सभासदांच्या पलीकडच्या माणसांसाठी. आमची अभ्यासिका आता त्या ओळीत आहे. आणि त्या बँकेची एक ओळ आमच्या वहीत.

परवा रात्री आठला लाइट गेली. मी माडीवरच होतो. पंखे थांबले, बल्ब एकदा लुकलुकला आणि चालू राहिला. कुणी मान वर केली नाही. खिडकीजवळच्या मुलीने फक्त पान उलटलं.

तुमच्या गावात वाचनालय, तालीम, महिला मंडळ, काहीही असेल, तर या आठवड्यात एकच काम करा. संस्थेच्या नोंदवहीचा उतारा काढा आणि त्यात कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. बाकीचं नंतर.

भेटू पुढच्या भागात. तोवर, हिशेब चोख ठेवा!